ट्रेलरचा डावा मागचा टायर आतूनच का झिजतोय: मार्च ते जुलैच्या नोंदी

आधी गाडीची माहिती. ट्रॅव्हल ट्रेलर २६ फुटी, दोन आखांचा, प्रत्येक आख ३,५०० पौंडांचा आणि एकूण परवानगी ७,००० पौंड. ओढायला फोर्डचा एफ-१५० पिकअप ट्रक. आम्ही टेक्सासमध्ये केटीला राहतो, ह्यूस्टनच्या पश्चिमेला. टायर एसटी (म्हणजे खास ट्रेलरसाठीचा) २०५/७५ आर १४, लोड रेंज सी, म्हणजे ५० पीएसआय हवेवर एका टायरने जास्तीत जास्त १,७६० पौंड उचलायचे. हा १,७६० चा आकडा पुढे लागणार आहे. इथल्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी गेल्या दोन-चार वर्षांत असे ट्रेलर घेतलेत म्हणून जे झालं ते चुकांसकट लिहून ठेवतोय.

१६ मार्च २०२५, रविवार

काल रात्री बिग बेंड नॅशनल पार्कहून परत आलो. जाऊन-येऊन साधारण १,३०० मैल. आय-१० हायवेवर पश्चिमेकडे ताशी ८० मैलांची लिमिट आहे पण मी ६२-६३ च्या वर नेत नाही, कारण टायरच्या बाजूला वेगळं काही लिहिलं नसेल तर एसटी टायर ६५ मैलांच्या हिशोबानेच धरायचा. एवढं सांभाळूनही सकाळी धुवायला खाली वाकलो तर डावा मागचा टायर आतल्या कडेला जवळजवळ गोटा झालेला. बाहेरून उभं राहून बघितलं तर टायर एकदम चांगला दिसतो, आतली कडा दिसतच नाही, त्यासाठी झोपून टॉर्च मारावी लागते. बिग बेंडच्या आत बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, तिथे हा फुटला असता तर काय, हा विचार करूनच पोटात गोळा आला, मुलं सोबत होती.

सहा डॉलरचं खोली मोजायचं गेज आणलं आणि प्रत्येक टायर आत, मध्ये, बाहेर असा तीन ठिकाणी मोजला. आकडे इंचाच्या ३२ व्या भागात. डावा मागचा: २, ५, ६. डावा पुढचा: ४, ५, ६. उजवे दोन्ही: सगळीकडे ६, एका जागी ५. म्हणजे रोग डाव्या बाजूला आहे.

इथे माझी पहिली चूक, आणि ती मार्चमधली नाही, गेल्या नोव्हेंबरमधली आहे. तेव्हाच डाव्या मागच्यावर थोडी झीज दिसली होती आणि मी काहीही न मोजता तो टायर डाव्या पुढच्याशी अदलाबदल केला होता. त्यामुळे आता पुढचा टायरही आतून घासलेला दिसतोय आणि पुढच्या आखातही दोष आहे की तो जुनाच टायर तिथे बसलाय हे सांगता येत नाही. अदलाबदल करायच्या आधी फोटो काढा, खडूने टायरवर तारीख आणि जागा लिहा. मी ते केलं असतं तर एक महिना वाचला असता.

२२ मार्च

दुसरी चूक. टायरच स्वस्तातला म्हणून झिजला असं धरून एक नवीन टायर घेतला, बसवून-बॅलन्स करून ९६ डॉलर. टायरवाल्याने हवा कमी असेल म्हणून सांगितलं आणि मी मान डोलावली. खरं म्हणजे हवा कमी असली की दोन्ही कडा झिजतात, जास्त असली की मधला पट्टा झिजतो, फक्त एकच कडा जात असेल तर हवेचा संबंध बहुतेक नसतोच. हे मला माहीत होतं तरी घाईत विसरलो.

जुना टायर मात्र फेकला नाही ते बरं झालं. घरी आणून त्यावरून आडवा हात फिरवला. एका दिशेने हात गुळगुळीत जातो, उलट येताना करवतीसारखं टोचतं. नुसता टायर कलला असेल तर झीज सपाट असते, असं एका दिशेला टोचत असेल तर टायर सरळ न चालता तिरका ओढला जातोय. माझ्या टायरवर दोन्ही होतं, आतली कडा सपाट गेलेली आणि मधले ठोकळे टोचणारे.

५ एप्रिल

गॅल्व्हेस्टनला एक रात्र, एकूण १६५ मैल. मुद्दाम इन्फ्रारेड थर्मामीटर नेला होता (स्वयंपाकघरातला, तव्याचं तापमान बघायला घेतलेला). ४० मैलांनंतर थांबून लगेच चारही टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेचं तापमान घेतलं. तीन टायर ११४ ते ११९ फॅरनहाइटच्या दरम्यान, डाव्या मागच्याची आतली कडा १३८. हब चारही सारखेच कोमट, म्हणजे बेअरिंग किंवा ब्रेक चिकटल्याची भीती नाही. टायर अगदी नवा आणि तरी तोच गरम. टायरचा दोष नाही हे त्या दिवशी पक्कं झालं, ९६ डॉलर देऊन.

१२ एप्रिल

वजन. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर काटा असतो पण तिथे ट्रेलरचे दोन्ही आख एकाच प्लेटवर येतात आणि डावं-उजवं वेगळं कळत नाही. मला प्रत्येक चाकाचं वजन हवं होतं. मग घराजवळच्या खडी-मातीच्या यार्डात गेलो, त्यांच्या काट्याची प्लेट जमिनीच्या पातळीत आहे त्यामुळे एका बाजूची चाकं प्लेटवर आणि दुसऱ्या बाजूची बाहेर असं उभं करता येतं. शनिवारी दुपारी गर्दी नव्हती, तिथल्या माणसाने १५ डॉलर घेतले आणि चार वेळा पुढे-मागे करू दिलं. लहानपणी इस्लामपूरला साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉलीवर बसून तासन् तास थांबायचो त्याची आठवण झाली, तोच डिझेल आणि मातीचा वास.

काटा २० च्या पटीतच आकडा देतो. डावा पुढचा १,५८०, डावा मागचा १,८२०, उजवा पुढचा १,४४०, उजवा मागचा १,४८०. एकूण ६,३२०, म्हणजे ७,००० च्या बराच आत. एकूण वजन बघून मी दोन वर्षं निर्धास्त होतो आणि इकडे एक टायर त्याच्या मर्यादेच्या ६० पौंड वर चालत होता.

डावीकडेच का, ते घरी येऊन यादी केल्यावर कळलं. बाहेर सरकणारी खोली डावीकडे, तिच्यातच सोफा आणि जेवायचं टेबल. किचन डावीकडे, म्हणजे कुकर, स्टीलचे डबे, पीठ, तांदूळ, मिक्सर. पाण्याची ४० गॅलनची टाकी डावीकडे मागे. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचं, टाकी भरली की सव्वातीनशे पौंडांच्या वर. आणि आम्ही प्रत्येक वेळी घरूनच टाकी भरून निघतो, मुलांना दुसरीकडचं पाणी आवडत नाही म्हणून. काट्यावरही तशीच भरून नेली होती.

१९ एप्रिल

आज पैसे न घालवता जे करता येतं ते. हत्यारांची पेटी आणि डबे उजवीकडच्या कपाटात हलवले. पाणी आता तिथे पोचल्यावर भरायचं, रस्त्यासाठी एक तृतीयांश टाकी पुरते.

मग सपाट पार्किंगमध्ये ट्रकला जोडून ट्रेलरची चौकट जमिनीपासून पुढे आणि मागे मोजली. पुढची बाजू दीड इंच वर. नाक वर असलं की मागच्या आखावर भार सरकतो. दोन आखांच्या मध्ये जो इक्वलायझर असतो तो भार वाटून घेतो खरा पण त्याच्या हालचालीला मर्यादा आहे. हिच, म्हणजे ट्रेलर ट्रकला जोडायचा भाग, एक भोक खाली घेतला, म्हणजे सव्वा इंच, आणि वजन वाटणाऱ्या दांड्यांचा ताण पुन्हा लावला. तीन तास गेले कारण हिचचे बोल्ट गंजले होते.

२६ एप्रिल

ट्रेलर ट्रकला जोडलेलाच ठेवून, उजव्या चाकांना पुढे-मागे ओट लावून, डावी बाजू जॅकवर घेतली. जॅक चौकटीखाली लावायचा, आखाच्या नळीखाली कधीही नाही, नळी वाकते. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावाच.

चाक वर-खाली धरून हलवलं, बेअरिंग घट्ट. मग पाटे बघितले आणि खरी घाण तिथे सापडली. पाट्यांच्या डोळ्यांत कंपनीतून प्लास्टिकचे बुश येतात, डाव्या बाजूचे दोन बुश उरलेच नव्हते, नुसता बोल्ट लोखंडावर घासत होता. पाट्यांना इक्वलायझरशी जोडणाऱ्या शॅकलच्या पट्ट्यांची गोल भोकं लांबट अंड्यासारखी झालेली. ट्रेलर फक्त आठ वर्षांचा आहे. दोन आखांमधलं अंतर मोजलं: डावीकडे ३३ १/८ इंच, उजवीकडे ३३ १/२. तीन सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक, म्हणजे आख एकमेकांना समांतर नाहीत आणि टायर तिरका का ओढला जात होता त्याचं कारण हातात आलं. पितळी बुश, ग्रीस निपल असलेले बोल्ट आणि जाड पट्ट्या असा पूर्ण किट मागवला, १४८ डॉलर.

३ आणि ४ मे

किट बसवायला दोन दिवस. एका बाजूला तीन तास लागतील असं ऐकलं होतं, मला पहिल्या बाजूला सात लागले.

ह्या बोल्टना डोक्याखाली दाते असतात, ते पट्टीच्या भोकात ठोकून बसवायचे आणि फक्त नट फिरवायचा. मी पहिला बोल्ट डोक्याकडून फिरवून आवळला, दाते झिजले आणि बोल्ट वाया. सुदैवाने किटमध्ये मोजून एक जास्तीचा निघाला.

दुसरी गोष्ट, सगळं बसवून ग्रीस गन लावली तर चार ठिकाणी ग्रीस आतच जाईना. बोल्टच्या दांड्यावर ज्या भोकातून ग्रीस बाहेर येतं ते भोक आडव्या दिशेला, म्हणजे घड्याळात तीनच्या किंवा नऊच्या बाजूला हवं. वर-खाली ठेवलं तर वजनाने बुश त्याच्यावरच दाबला जातो आणि भोक बंद होतं. चारही बोल्ट काढून पुन्हा ठोकले. रविवारची संध्याकाळ त्यातच गेली.

बुश बदलल्यावर अंतराचा फरक तीन सुतावरून अर्ध्या सुतावर आला, तो चालतो. मला वाटलं काम झालं.

१० मे

अण्णा गेल्या आठवड्यात इस्लामपूरहून आलेत. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टर-ट्रॉली चालवली. खुर्ची टाकून ट्रेलरच्या मागे बसले, लांबूनच बघत होते, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "अरे, ते चाक वरून आत कललंय. पाटे नवे केलेस ते बरं केलंस, पण आख वाकलाय का बघ."

मी रोज जवळून बघत होतो म्हणून मला ते दिसलं नव्हतं. वीस फूट मागे जाऊन खाली बसलो तर खरंच, उजवं चाक उभं आणि डावं वरच्या बाजूला आत झुकलेलं.

मग दिवसभर दोघांनी मोजमाप केलं. आधी ट्रेलरचा कपलर, म्हणजे ट्रकला अडकतो तो पुढचा तोंडाचा भाग, त्याच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण, तिथून पुढच्या आखाच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप. फरक अर्ध्या सुताहून कमी, म्हणजे पुढचा आख काटकोनात आहे. मागचा त्याला समांतर.

मग चाकांची दिशा. चाक हवेत ठेवून टायरच्या मधल्या पट्ट्यावर पांढरा स्प्रे मारला, एका जड ठोकळ्यात खिळा ठोकून तो टायरला टेकवला आणि चाक हाताने फिरवलं की सबंध टायरभर बारीक रेघ उमटते. दोन्ही चाकांवर रेघ काढायची, खाली उतरवायचं, आणि दोन रेघांमधलं अंतर आखाच्या पुढे आणि मागे सारख्याच उंचीवर मोजायचं. पहिल्यांदा मोजलं तर तब्बल तीन सूत फरक आला आणि माझे हातपाय गळाले. अण्णा म्हणाले आधी गाडी चालव. बरोबर होतं, जॅकवरून खाली आलेलं चाक जमिनीवर आत ओढलेल्या अवस्थेत अडकून बसतं, ट्रेलर वीस फूट पुढे नेल्याशिवाय ते मोकळं होत नाही. पुढे नेऊन पुन्हा मोजलं, मागच्या आखावर दोन सूत, पुढून जास्त मागून कमी, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला फाकलेली. पुढच्या आखावर जवळजवळ काहीच नाही.

शेवटी कल. डिजिटल कोनमापक आणला, ३२ डॉलर, रिमच्या वर-खालच्या काठाला सरळ पट्टी लावून त्यावर ठेवला. तीन चाकं अर्ध्या अंशाच्या आत. डावं मागचं २.४ अंश आत. पुढच्या आखात दोष नाही, तिथे फक्त नोव्हेंबरमध्ये मी हलवलेला जुना टायर बसलाय, हेही त्याच दिवशी सुटलं.

१७ मे

ट्रकची अलाइनमेंट करणाऱ्या दुकानात फक्त तपासणी करून घेतली, ८० डॉलर. त्यांच्या मशीनवर २.५ अंश आला, माझा २.४. ते हायड्रॉलिकने आख उलटा वाकवून सरळ करतात, पण त्यांनीच जवळून बघून सांगितलं की वाक नळीच्या मध्ये नसून स्पिंडलच्या (चाक ज्यावर फिरतं त्या टोकाच्या दांड्याच्या) वेल्डजवळ आहे. तिथे वाकवलेलं लोखंड पुन्हा वाकवायचं आणि त्यावर मुलांना घेऊन जायचं, मला पटलं नाही. ब्रेकसकट पूर्ण नवा आख मागवला, ४१२ डॉलर घरपोच. मागवताना दोन मापं लागतात, चाक जिथे टेकतं त्या दोन हबच्या चेहऱ्यांमधलं अंतर आणि दोन पाट्यांच्या मध्यांमधलं अंतर. आखावरचं स्टिकर वाचता येत असेल तरी टेपने मोजाच.

वाकला कधी, हे बायकोला विचारल्यावर कळलं. ऑक्टोबरमध्ये गार्नर स्टेट पार्कला जाताना एका पेट्रोल पंपावर वळण लहान घेतलं होतं आणि मागचं डावं चाक सिमेंटच्या कठड्यावरून चढून धाडकन उतरलं होतं. ती तेव्हाच म्हणाली होती, "मागे काहीतरी आपटलं, उतरून बघ ना." मी उतरून बघितलं, टायर फुटला नव्हता, पुढे निघालो. चाकाला असा समोरून आणि खालून दणका बसला की ते वर-आत आणि मागे ढकललं जातं, म्हणजे नेमका हाच कल आणि हेच फाकणं. मागच्या चाकावर वजनही तेव्हा मर्यादेबाहेर असणार. तिचं तेव्हा ऐकायला हवं होतं हे तिला सांगितलं.

७ आणि ८ जून

आख आला तीन आठवड्यांनी. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले की संपले, नवे २८ डॉलर.

आख खाली सरकवून, पाट्यांवर टेकवून, यू-बोल्ट अर्धे आवळल्यावर अण्णांनी विचारलं ह्याला डावं-उजवं असतं का. नळीला पुढे-मागे नाही पण ब्रेकला आहे, ब्रेकच्या दोन बुटांपैकी ज्याचं अस्तर आखूड तो पुढच्या बाजूला हवा. ड्रम काढून बघितलं तर माझे आखूड मागे, म्हणजे आख उलटा. पुन्हा सगळं सैल, बाहेर काढून फिरवला. ह्यूस्टनच्या जूनमध्ये, सिमेंटवर आडवं पडून, चार तास जास्तीचे. आख ठेवण्याआधी ड्रम उघडून बघा. नळीचा मधला किंचित उंचवटा वर आहे ना तेही बघा, भार पडल्यावर चाकं सरळ व्हावीत म्हणून तो दिलेला असतो.

ब्रेकच्या दोन वायरींना धन-ऋण नसतं, कुठलीही कुठेही जोडली तरी चालते. चाकाचे नट तीन टप्प्यांत, २०-२५, मग ५०-६०, मग ९०-१२० फूट-पौंड, समोरासमोरचे आवळत. मी ११० वर ठेवले.

मोजलं: मागचा आख आता अर्धा सूत, कल दोन्हीकडे अर्ध्या अंशाच्या आत. अण्णा पुन्हा वीस फूट मागे खुर्चीत जाऊन बसले आणि हात वर केला.

चारही टायर नवीन, लोड रेंज डी, ६५ पीएसआय वर २,०४० पौंड. ११८ एक, चारचे ४७२. डी घेण्याआधी रिम ६५ पीएसआय पेलतो का ते रिमवर कोरलेलं बघून घेतलं, नुसता टायर दणकट घेऊन उपयोग नाही. मार्चमधला तो एकटा टायर आता स्टेपनी.

१४ जून

५० मैल फिरवून नट पुन्हा तपासले, दोन थोडे सैल निघाले. टायर तापमान: चारही १२१ ते १२५, आतली-बाहेरची कडा सारखी. हवा बाहेर ९६ फॅरनहाइट होती.

१३ जुलै

अण्णांना गार्नरला नेऊन आणलं, फ्रिओ नदीत पाय सोडून बसले होते, "कृष्णेपेक्षा गार आहे" म्हणाले. त्या पंपावर ह्या वेळी गेलोच नाही, मोठ्या ट्रकच्या बाजूला तेल भरलं. आख बदलल्यापासून एकूण ९४० मैल. खोली नवीन असताना सगळीकडे ८ होती, आज बारा जागांपैकी अकरा जागी ८, डाव्या मागच्याच्या आतल्या कडेला साडेसात. गेजवर अर्धा भाग हा माझ्या हाताचाही फरक असू शकतो, तरी ती जागा वहीत लाल केली आहे.

काट्यावरही पुन्हा जाऊन आलो, ह्या वेळी त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. डावा मागचा १,६४०, डावा पुढचा १,५८०, उजवे १,५२० आणि १,५००.

खर्च: गेज ६, पहिला टायर ९६, काटा १५, किट १४८, कोनमापक ३२, तपासणी ८०, आख ४१२, यू-बोल्ट २८, टायर ४७२. एकूण १,२८९ डॉलर. पाच महिन्यांत अकरा-बारा दिवस गेले. ओळंबा, टेप, खिळा आणि कोनमापक मार्चमध्येच हातात घेतला असता तर पहिला टायर आणि निम्मे दिवस वाचले असते. बुश आणि आख मात्र बदलावेच लागले असते.

पुढची मोजणी ऑक्टोबरमध्ये, किंवा अजून १,००० मैलांनी, जे आधी येईल ते. कोणाला कल मोजताना पट्टी रिमवर कशी धरायची ते कळलं नाही तर विचारा, फोटो काढून ठेवलेत.